दोनदा लिहिलेला पैसा

इटलीतल्या प्रातो गावी 1870 मध्ये एका जुन्या वाड्यात, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत पोतीच्या पोती दप्तर सापडलं. दीड लाखाच्या घरात पत्रं आणि पाचशेहून जास्त वह्या. वाडा फ्रांचेस्को दातिनी या 1410 साली वारलेल्या व्यापाऱ्याचा. दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे असा दोनदा लिहिण्याची कुळकथा सांगताना मला या वह्यांपाशी थांबावंसं वाटतं.

ही रीत त्याने शोधली नाही. 1300 च्या सुमारास प्रोव्हान्समध्ये व्यापार करणाऱ्या फारोल्फी या फ्लोरेन्सच्या पेढीच्या वहीत ती आहे. 1340 मध्ये जेनोव्हाच्या नगर-खजिन्यातही. पण तिची गरज का पडली, हे कळतं दातिनीमुळे. 1348 च्या प्लेगमध्ये त्याचे आईबाप गेले. पंधराव्या वर्षी तो आविन्योंला पोचला आणि चिलखतं-तलवारी विकून मोठा झाला. तीसेक वर्षांनी प्रातोला परतला, आणि पुढे पीसा, जेनोव्हा, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का इथे भागीदारीत पेढ्या उघडल्या. एकटा माणूस किती ठिकाणी बसणार?

एका लोकरीचंच बघा. 1394 साली बॅलेआरिक बेटांवर मागणी गेली. मेंढ्या पुढच्या उन्हाळ्यात कातरल्या, लोकर गलबतातून इटलीत आली, प्रातोत पिंजली, कातली, विणली, रंगवली, आणि कापड पुन्हा समुद्रापार गेलं. सगळा हिशेब मिटायला साडेतीन वर्षं लागली. नफा 9 टक्क्यांच्या आसपास! भाडं, जकात, मजुरी यांतलं एखादं कलम निसटलं तरी तो कुठे गेला, कळणार नाही. म्हणून विणकराला दिलेली रक्कम कापडाच्या खात्याला नावे पडे आणि रोकडीच्या खात्यात जमा. दोन्ही बाजूंचा मेळ बसला नाही, की दूरच्या गुमास्त्याची चूक उघडी पडे. कलम मुळातच लिहिलं नसेल तर मात्र मेळ बसूनही वही फसवते. म्हणूनच दातिनी गुमास्त्यांना रोज पत्रं लिहायला लावत असावा, असं मला वाटतं.

आविन्योंतल्या त्याच्या पहिल्या वह्या एकेरी नोंदीच्या आहेत. 1390 च्या आसपास त्या दुहेरी होत गेल्या. गणितज्ञ लुका पाचोलीने ही रीत व्हेनिसमध्ये छापली ती 1494 मध्ये.

दातिनीने सुमारे 70,000 फ्लोरिन गरिबांसाठीच्या निधीला दिले, राहता वाडाही त्यातच. दप्तर तिथेच राहिलं.