ड्युको, मेण आणि काच

आपल्याकडे सुताराला विचारलं की कपाटाला फिनिश कुठलं करूया, तर सनमायका, पीयू यांच्या जोडीला तो 'ड्युको' हा शब्द हमखास काढतो. स्प्रेने मारलेला चकचकीत रंग म्हणजे ड्युको, एवढंच त्याला आणि आपल्याला माहीत असतं. पण हे नाव मुळात लाकडाच्या नाही, मोटारीच्या रंगाचं आहे. आणि आज शोरूममध्ये नव्या गाडीबरोबर 'सर, सिरॅमिक कोटिंग करून घ्या' असा जो आग्रह होतो, त्याची गोष्ट तिथूनच सुरू करावी लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी रंगवायची पद्धत घोडागाडीचीच होती. तेलात कालवलेला रंग आणि व्हार्निश, ब्रशने, थरावर थर. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं, घासायचं, पुन्हा पुढचा थर. एका गाडीला काही आठवडे लागत. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, कारण तो रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. बाकीच्यांच्या रंगीत गाड्या मात्र गोदामात वाळत पडलेल्या असत. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या असेंब्ली लाइनचा बॉटलनेक म्हणजे रंग!

तो फोडला ड्युपाँट कंपनीने. ही मुळात बंदुकीची दारू बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर तिच्याकडे नायट्रोसेल्युलोज बनवायची प्रचंड क्षमता होती आणि जनरल मोटर्समध्ये मोठा हिस्साही होता. नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेलं ड्युको लॅकर १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर झळकलं, तेही निळ्या रंगात. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आधुनिक मोटार रंगीत झाली ती तेव्हापासून.

पण या रंगाला एक खोड होती. लॅकर वाळल्यावर आपोआप चकाकत नाही, ते घासून चमकवावं लागतं. आणि उन्हात ते हळूहळू मरतं, वर पांढुरकी भुकटी येते. म्हणजे गाडी घेतली की तिला घासत राहणं हा मालकाच्या नशिबातला भाग. शिकागोतली सायमोनाइझ कंपनी ड्युकोच्या आधीपासूनच होती, पण मोटारीला मेण घासण्याचा धंदा खऱ्या अर्थाने फोफावला तो या काळात.

मेण म्हणजे मुख्यतः कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण येतं. कोरड्या ऋतूत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. पानं कापायची, वाळवायची, झोडपायची, आणि पडलेली भुकटी वितळवायची. साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळणारं हे मेण नैसर्गिक मेणांत फार कडक समजलं जातं. त्याचं महत्त्व इतकं, की १९३५ साली जॉन्सन वॅक्स कंपनीचे मालक एच. एफ. जॉन्सन पाण्यावर उतरू शकणारं सिकोर्स्की विमान घेऊन अमेरिकेतून थेट ब्राझीलला गेले, हे झाड बघायला आणि पुरवठा पुरेल का याचा अंदाज घ्यायला. विमानाचं नावही 'कार्नौबा'च!

या काळात मेण ही चैन नव्हती, गरज होती. एकसंध रंगाचा तो थर थेट ऊन-पाऊस झेलायचा. आपल्याकडे फिएट-अँबॅसिडर असलेल्या घरांत रविवारी सकाळी बनियनवर गाडी घासणारे काका आठवा. ते हौशी दिसत, पण त्यांच्या घासण्याला रासायनिक अर्थ होता.

मग पुढे काय झालं? रंग सुधारला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपात आणि पुढच्या दशकात अमेरिकेत 'क्लिअर कोट' रूढ झाला. म्हणजे खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर रंगहीन, पारदर्शक असा साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा थर. (आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो.) त्यात अतिनील किरण शोषणारी रसायनं मिसळलेली असतात. थोडक्यात काय, तर काकांचं काम आता कारखान्यातच होऊन येऊ लागलं. पुढे २००३ च्या अखेरीस मर्सिडीझने नॅनो-कण असलेला अधिक कडक क्लिअर कोट आणला आणि २००५ मध्ये निसानने बारीक ओरखडे आपोआप बुजवणारा रंग जाहीर केला.

आता गंमत बघा. रंगाला बाहेरच्या संरक्षणाची गरज कमी होत गेली, आणि नेमकं त्याच काळात ते संरक्षण अधिक टिकाऊ आणि अधिक महाग होत गेलं. मेणानंतर सीलंट आले. हे कृत्रिम पॉलिमर, बहुतेक सिलिकॉनच्या कुळातले. मेण काही आठवडे टिकायचं, हे काही महिने टिकतात. भारतात ही लाट 'टेफ्लॉन कोटिंग' या नावाने आली. टेफ्लॉनचा शोध १९३८ चा, वितळणबिंदू ३२७ अंश. तव्यावर ते बसवायला भट्टी लागते. गाडी भट्टीत घातली तर टायर, वायरिंग आणि मालक तिघेही जळतील! सर्व्हिस सेंटरमध्ये फडक्याने पुसून लावलेल्या द्रवात टेफ्लॉनचे कण असले, तरी त्यांचा तव्यासारखा थर बनत नाही. टिकायचं ते त्याच्यासोबतचं मेण किंवा सिलिकॉन. नाव मात्र टेफ्लॉनचं.

सीलंटकडून सिरॅमिककडे जाणं हा मात्र खरा तांत्रिक बदल आहे, नुसतं नाव बदलणं नाही. सीलंट पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि शांपूच्या प्रत्येक धुण्याबरोबर थोडा थोडा जातो. सिरॅमिकच्या बाटलीत सायलेन किंवा पॉलिसिलाझेन जातीचं द्रव्य असतं. हवेतल्या ओलाव्याशी त्याची अभिक्रिया होते आणि सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळ्यांचं घट्ट जाळं तयार होतं. म्हणजे काचेचीच चुलत बहीण. शांपूने ते जात नाही, काढायचं तर घासूनच काढावं लागतं. म्हणून ते वर्षांच्या हिशोबात टिकतं. पाणी थेंब होऊन घरंगळतं, चिखल चिकटून बसत नाही, धुणं सोपं होतं. हा फायदा खरा आहे.

पण हा थर असतो साधारण एक-दोन मायक्रॉनचा, कित्येकदा त्याहून कमी. आणि तो लावण्याआधी 'रबिंग' करतात, कारण खाली जे ओरखडे असतील ते तसेच बंद होतील. आता साधा हिशोब करू. मशीनने पॉलिश करताना क्लिअर कोटचे दोन-तीन मायक्रॉन सहज जाऊ शकतात. ऊन अडवणारा खरा थर तोच! म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली कारखान्याचे तीन मायक्रॉन द्यायचे आणि बाटलीतला एक घ्यायचा. एकदा ठीक आहे. दर दोन वर्षांनी 'रिन्यूअल'च्या नावाने हेच केलं, तर आपण ढाल विकून झूल घेतोय. नव्या कोऱ्या गाडीला जोरकस रबिंग करायचं कारण काय, हे म्हणूनच विचारायला हवं.

दुसरी गोष्ट ते '९-एच' प्रकरण. हे ऐकून हिऱ्याच्या जवळपासचं काहीतरी वाटतं, कारण शाळेत शिकलेला मोहचा कठीणपणा डोक्यात असतो, त्यात हिरा १०. पण हा ९-एच पेन्सिलचा आहे. ठरावीक दाबाने पेन्सिल ओढायची आणि रंगावर चरा उठतो का ते पाहायचं, अशी ही चाचणी. ९-एच म्हणजे त्या पेटीतली सगळ्यात कडक पेन्सिल. ग्रॅफाइट आणि चिकणमाती! आपल्या रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोहच्या मापावर ७ चे. त्यांच्यापुढे पेन्सिलची काय कथा?

आणि ती धूळ घासतं कोण? सोसायटीत सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा गाड्या पुसल्या जातात. पुसणाऱ्याची चूक नाही. महिन्याला काहीशे रुपयांत आपण त्याच्याकडून मायक्रोफायबर आणि दोन बादल्यांची अपेक्षा करू शकत नाही. पण वीस-तीस हजारांचं कोटिंग करून रोज तेच फडकं फिरवायचं, हे म्हणजे फायरवॉल विकत घेऊन पासवर्ड मॉनिटरवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे. बोअरचं पाणी असेल तर आणखी एक. थेंब सुंदर गोल होतात, उन्हात वाळतात आणि प्रत्येक जागी क्षाराचा डाग सोडून जातात. कोटिंग ते थांबवत नाही.

मग करावं की नाही? माझं मत विचाराल तर, गाडी उघड्यावर असेल आणि तुम्ही ती स्वतः धूत असाल, तर सीलंटपेक्षा सिरॅमिक नक्की बरं. पण ते विकत घ्यायचं वेळ वाचवणारी सोय म्हणून, चिलखत म्हणून नाही. काका गाडी घासत होते तेव्हा त्यांच्या रंगाला त्यांची खरंच गरज होती. आपल्या रंगाची बरीचशी काळजी कारखान्याने आधीच घेतलेली आहे. तिचे पैसे आपण गाडीच्या किमतीत एकदा भरलेत. दुसऱ्यांदा भरताना निदान आपण काय घेतोय ते माहीत असावं, एवढंच.

असो. विषय निघालाच आहे तर आधी दोन चांगली मायक्रोफायबर फडकी घ्या, आणि त्यातलं एक सकाळी गाडी पुसायला येणाऱ्याच्या हातात द्या. कोटिंगचं नंतर बघू.