विरारची गाडी आणि बॅक बेचें छायाचित्र

मुंबईच्या मरीन ड्राइव्हचें चित्र कधींच पाहिलेलें नाहीं असें सुशिक्षित घर विरळाच. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मलबार टेकडीवरून घेतलेलीं बॅक बेचीं छायाचित्रें त्याच्या शेजारीं ठेवून पाहावीं. किनाऱ्याचा बांक तोच. पण समुद्रकांठचा तो रुंद रस्ता नाहीं, इमारतींची रांग नाहीं. माडांच्या गर्दीपुढें किनाऱ्याची पट्टी, आणि तीवरून गेलेला लोहमार्ग.

ह्या लोहमार्गाशीं वसई-विरारचें नातें जुनें आहे. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून सुटलेली पहिली उपनगरी गाडी बॅक बेपर्यंत आली. मात्र त्या किनाऱ्यावर भराव घालण्याची कल्पना निघाली ती पैशाच्या पुरांत. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें इंग्लंडला तेथील कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें आणि बॅक बे बुजविण्यासाठीं कंपनी निघाली. १८६५ सालीं युद्ध संपलें, शेअरांचे भाव कोसळले, कंपनी बुडाली. भराव पुरा झाला नाहीं. किनाऱ्यालगतची पट्टी तेवढी आगगाडीच्या उपयोगी पडली.

पुढें १९२० नंतरच्या दशकांत, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकारानें, सरकारनेंच हें काम हातीं घेतलें. खर्च फुगला, काम रेंगाळलें. वकील खुर्शेद नरिमन यांनीं त्यांतील गैरकारभार उघडकीस आणला. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, पण ते निर्दोष सुटले. अखेर योजना आखडती घ्यावी लागली. जी जमीन हातीं लागली तिच्याच कडेनें पुढच्या दशकांत मरीन ड्राइव्ह आकारास आला. ज्या रम्य रेषेला आपण निसर्गाची देणगी समजतों, ती अशी सट्टा, हव्यास आणि वाद यांतून ओढली गेली आहे.

हें आज आठवण्याचें कारण आहे. मुंबईचा नवा सागरी किनारा मार्ग २०२४ सालीं वाहतुकीस खुला होऊं लागला, आणि समुद्रकांठचा रस्ता विरारपर्यंत नेण्याच्या योजनाही पुढें आल्या आहेत. अर्नाळा, राजोडी, भुईगांव, सुरूची बाग हीं नांवें उद्या नकाशावर राहतीलच. पण किनारा आहे तसाच राहील असें कोणीं सांगावें?

म्हणून वसईकरांनीं आपल्या पेटींतलीं, भिंतीवरचीं जुनीं छायाचित्रें एकदां बाहेर काढावीं. सुरूच्या झाडांपुढें उभें राहिलेलें कुटुंब, वाळूवर ओढलेली होडी, मागें दिसणारी भरतीची खूण: प्रत्येकाच्या पाठीवर स्थळ आणि साल लिहून ठेवावें. किनारा बदलल्यावर पूर्वीचा किनारा कोठें होता हें सांगणारा तेवढाच साक्षीदार उरतो.