पलटणीचा चषक, पेढीचा चषक

नाशिकने फुटबॉलचा मोठा चषक कधी जिंकला नाही. तथापि महाराष्ट्रात असे चषक ज्या दोन धन्यांच्या आश्रयाने जिंकले गेले, त्या दोहोंची ठाणी या एकाच शहराच्या आसपास नांदली.

पहिला धनी पलटण. थळघाट चढून आगगाडी सपाटीला लागली की पुढे देवळालीची छावणी येई. विलायतेहून आलेले गोरे शिपाई येथे उतरत आणि मुदत भरलेले परतीच्या जहाजाची वाट पाहत येथेच दिवस कंठीत. जहाजे थंडीच्या हंगामातच सुटत असल्यामुळे ज्याची मुदत चैत्रात भरली, त्याला दिवाळीपावेतो तिष्ठत बसण्यावाचून गत्यंतर नसे. अशा रिकाम्या, तरण्या आणि पगारी माणसांना शिस्तीत ठेवण्यास चेंडूइतके स्वस्त साधन कोणत्याही सरकारला सापडले नसते. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक प्रथम वूस्टरशायर रेजिमेंटने नेला, आणि पुढे जवळजवळ अर्धशतक तो या पलटणीकडून त्या पलटणीकडे फिरत राहिला. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढे त्याचे काही चालले नाही. ही मिरासदारी अखेर १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या मुलकी हिंदी संघाने मोडली.

पलटणी गेल्या, आणि यजमानपद पेढ्यांकडे आले. १९५८ मध्ये कॅल्टेक्स या तेलकंपनीने रोव्हर्स जिंकला. १९६२ मध्ये महिंद्रांचा संघ उभा राहिला. युद्धात जन्मलेली जीप जुळवून ज्यांनी कारखानदारी आरंभिली, त्यांच्या खेळाडूंना 'जीपमेन' म्हटले जावे, यात मला तरी इतिहासाची थट्टा दिसते. महिंद्रांच्या नाशिकमधील सातपूरच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ गाड्या बाहेर पडत होत्या, त्याच काळात या संघाचा भाग्योदय झाला. २००५-०६ च्या एकाच हंगामात गोव्याचे डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली, ब्राझीलचा बारेटो, मुंबईचा स्टीव्हन डायस अशा नाना मुलखांतल्या गड्यांच्या बळावर, महिंद्र युनायटेडने फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय लीग ही दोन्ही पदे पटकावली आणि ईस्ट बंगालला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावयास लावले. ती लीग अकरा हंगाम चालली. तिचे विजेतेपद महाराष्ट्रात आले ते त्या एकदाच.

परंतु नोकरीतला खेळाडू आणि आश्रयातला संघ यांची सनद धन्याच्या मर्जीवर असते. कलकत्त्याच्या संघांमागे मोहल्ले उभे असतात, गोव्याच्या संघांमागे गावे. जीपमेनांमागे मात्र कंपनीचा हुकूम तेवढा होता, आणि सातपूरच्या कामगारानेही या विजयाला आपल्या गावाचा विजय मानावे, असे काही त्या संघाच्या घडणीत नव्हते. २०१० मध्ये कंपनीने संघ बरखास्त केला आणि आपला पैसा यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे वळविण्याचे जाहीर केले.