मूळपेशीचं कूळ

आमच्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. त्यामुळे बदलापूरच्या मामांच्या फायलीवर 'हार्ट फेल्युअर' लिहिलेलं वाचून मामी दवाखान्याच्या जिन्यातच बसली, आणि खुद्द मामा शेजारी उभे राहून तिला पाणी पाजत होते. त्यांचं पंपिंग 25 टक्क्यांवर आलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतो, तो इकोतला आकडा. धडधाकट माणसाचाही तो साठीच्या आसपास असतो, शंभर कधीच नसतो, हे कळल्यावर मामा निम्मे बरे झाले.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी समजावलं ते हिंदीत. तिथे ते रीतीला धरूनच. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासित आले, 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं, आणि तेव्हापासून सिंधी, हिंदी, मराठी तिथे एकाच वाक्यात नांदतात. डॉक्टर म्हणाले, "दिल की मांसपेशी कमजोर हो गई है." मामांनी घरी येऊन सांगितलं, हृदयातल्या पेशी कमी झाल्यात. दोन दिवसांत कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलंच: मूळपेशी सोडल्या की हृदय पुन्हा उगवतं. मामांचा जन्म अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मशीनवर गेलेला. पार्ट झिजला की पार्ट बदलायचा. पेशी कमी, तर पेशी घाला!

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पेशीला ही सवलत नसावी.

सुश्रुताने शारीरस्थानात माणसाच्या अंगात पाचशे पेशी मोजल्या आहेत. त्या मांसाच्या, म्हणजे आपण आज ज्यांना स्नायू म्हणतो त्या. त्याचे स्नायू निराळे, सांधे बांधून ठेवणारे दोर, ते नऊशे. मराठीत पुढे खुर्च्यांची अदलाबदल झाली. स्नायू मांसाच्या जागी जाऊन बसला, पेशी मोकळी झाली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या 'सेल'ला आपण ते नाव देऊन टाकलं. हिंदीने मांसपेशी होती तिथेच ठेवली आणि सेलला कोशिका म्हटलं. म्हणून पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या संस्थेचं नाव राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र. (विदर्भातल्या कोर्टात पडते ती पेशी फारसी, पेशव्यांच्या कुळातली. तिचा इथे संबंध नाही.)

चरकाकडे पेशीचा आणखी जुना पत्ता सापडतो. दुसऱ्या महिन्यात गर्भ घट्ट होतो, तेव्हा त्याचे तीन आकार तो सांगतो: पिंड, पेशी आणि अर्बुद. त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरवण्याचं त्याचं गणित सोडून देऊ. पण अजून काहीच न झालेला, पुढे सगळं व्हायचा असलेला गोळा, हा पेशीचा अर्थ तिथे आहे. आणि शेजारी अर्बुद बसलंय, ज्याला आज आपण गाठ म्हणतो.

'मूळ' हे अर्धं जर्मनीतून आलं. 1868 मध्ये अर्न्स्ट हेकेल या जीवशास्त्रज्ञाने 'श्टामत्सेल' हा शब्द वापरला. श्टाम म्हणजे खोड, आणि घराणंही. जर्मन माणूस वंशवृक्षाला श्टामबाउम म्हणतो. हेकेलला वंशावळी काढण्याचा भारी नाद. सगळी जीवसृष्टी ज्याच्यापासून फांदत गेली, त्या एकपेशीय पूर्वजाला त्याने हे नाव दिलं, आणि काही वर्षांनी फलित अंड्यालाही. म्हणजे शब्द मुळात कुलवृत्तांतातलाच. इंग्रजीत त्याचं 'स्टेम' झालं, तिथवर खोड शाबूत होतं. मराठीत खोडाचं मूळ झालं. माझ्या मते घोटाळा इथे झाला. खोड म्हटलं की फांद्या आठवतात, कोण कुणाचा कोण ते आठवतं. मूळ म्हटलं की कुठेही रोवा, पालवी फुटेल असं वाटतं.

प्रयोगशाळेतली मूळपेशी मात्र ना खोडातून आली ना मुळातून. ती अर्बुदातून आली. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या मेन राज्यात, जॅक्सन प्रयोगशाळेत, लेरॉय स्टीव्हन्स नावाचा तरुण उंदरांवर सिगारेटचे परिणाम तपासत होता. एका उंदराच्या वृषणात त्याला गाठ सापडली आणि तिच्यात केस, हाड, दात असला सगळा बाजार. सिगारेटचा तिच्याशी काही संबंध नव्हता. स्टीव्हन्सने सिगारेट सोडली आणि गाठ धरली. त्या वाटेने पुढे 1981 मध्ये उंदराच्या आणि 1998 मध्ये माणसाच्या भ्रूणातून मूळपेशी वेगळ्या काढता आल्या. एखादी पेशी खरोखर काहीही होऊ शकते का, याची जुनी परीक्षा तीच: उंदराला टोचा, तशी गाठ येते का बघा. चरकाचे दोन शेजारी असे पुन्हा भेटले.

हृदयाच्या स्नायूत सुई खुपसण्याचं धाडस मात्र आपल्या मध्य रेल्वेवरचं, परळचं. 1965 मध्ये केईएममधल्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 'ट्रान्समायोकार्डियल अॅक्युपंक्चर' नावाचा निबंध प्रसिद्ध केला. सोबत पारुळकर होते, आणि पुढे लॅपरोस्कोपीमुळे नावाजलेले तेहेमटन उडवाडियाही. कल्पना सापाची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू बराचसा आतल्या कप्प्यातूनच रक्त शोषून घेतो. मग माणसाच्या हृदयावरची नळी तुंबली तर सुईने बारीक भोकं पाडून स्नायूला आतूनच रक्त का पाजू नये? भोकं पुढे बुजत. पण सुईच्या जागी लेझर आला आणि ही विद्या अमेरिकेत जाऊन मान्यताही मिळवून आली. तिचा उपयोग कितपत, यावर वाद राहिलाच. याच सेन यांनी 1968च्या फेब्रुवारीत, जगातलं पहिलं आरोपण करणाऱ्या बर्नार्डनंतर तीन महिन्यांच्या आत, केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. आपल्याकडे सेन यांचं नाव निघतं ते त्या आरोपणामुळे. मला त्यांची सापावरून सुचलेली सुई जास्त मोठी वाटते.

त्या सुईतून पेशी गेली ती 2000 साली, पॅरिसमध्ये. फिलिप मनाशे यांनी रुग्णाच्या मांडीतला स्नायू काढून, त्याच्या पेशी वाढवून त्याच्याच हृदयात टोचल्या. पण मांडीच्या पेशीला हृदयाचा ताल ठाऊक नाही. पंपिंग फारसं वाढलं नाही आणि ठोके चुकण्याची भीती वाढली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कहून पिएरो अॅन्व्हर्सा यांच्या गटाने जाहीर केलं की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या हृदयात हृदयाचा स्नायू होतात. जगभर सुया सरसावल्या. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनीही मज्जेतल्या पेशी हृदयात सोडल्या. 2004 मध्ये दोन प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला. मज्जेच्या पेशी मज्जेच्याच राहिल्या. 2018 मध्ये हार्वर्डने अॅन्व्हर्सांच्या प्रयोगशाळेतले 31 निबंध मागे घ्या म्हणून सांगितलं. मधल्या चौदा वर्षांत किती छात्यांत सुया गेल्या असतील!

दमलेले घोडे बदलायचं गाव ते बदलापूर, अशी आमच्याकडे कथा सांगतात. पेशींकडूनही तीच अपेक्षा होती. पण टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्या दिवसांत मरून जातात. काही फायदा झालाच तर तो त्यांनी मरण्याआधी सोडलेल्या रसायनांचा, असं आता बरेच जण मानतात. घोडा बदलत नाही, फार तर निरोप पोचतो.

आता सुईऐवजी ठिगळ आलंय. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी 2006 मध्ये साध्या पेशीला उलटं चालवून पुन्हा भ्रूणासारखी करायची युक्ती शोधली. तशा पेशींपासून आधीच हृदयाचा स्नायू बनवायचा, तो बशीत धडधडू लागला की त्याचा पापुद्रा हृदयावर लावायचा. ओसाकात 2020 मध्ये माणसावर लावला, जर्मनीत ग्यॉटिंगेनचे लोकही तेच करतायत. आणि केईएमच्या शेजारीच, परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत, डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने 'काइंड-1' आणि 'काइंड-2' या मानवी मूळपेशींच्या दोन शाखा वाढवल्या. त्यातल्या दुसरीपासून त्यांनी हृदयाच्या पूर्वज-पेशीही तयार केल्या. बशीत.

मामांना मी एवढंच सांगितलं की आयसीएमआरच्या 2017च्या नियमांत मूळपेशींचा उपचार मान्य आहे तो रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या दुखण्यांत. हृदयासाठी तो फक्त चाचणी म्हणून, आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पैसे मागितले की उठायचं. व्हॉट्सअॅपवाल्याने आकडा आधीच सांगितला होता, त्यामुळे पुढचं बोलावं लागलं नाही.

सध्या चार प्रकारच्या गोळ्या, दिवसाला दीड लिटर पाणी, लोणचं बंद. सकाळी मामी त्यांना वजनकाट्यावर उभं करते. दोन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना फोन. परवाच्या इकोत पंपिंग 35 आलं. या वेळचे डॉक्टर मराठीत म्हणाले, "स्नायू जरा सुधारलाय."

मामा बाहेर येऊन मला म्हणाले, "स्नायूचं ठीक आहे रे. पण पेशींचं काहीच बोलले नाहीत."