हॅलोविन आणि मुलांची कागदी कलाकुसर

हॅलोविन हा दरवर्षी ३१ ऑक्टोबर रोजी, ख्रिस्ती परंपरेतील सर्वसंत दिनाच्या पूर्वसंध्येला साजरा होणारा उत्सव आहे. त्याची मुळे आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील सुगीअखेरच्या ‘साविन’ या प्राचीन सणाशी जोडली जातात. एकोणिसाव्या शतकात तेथून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांबरोबर तो अमेरिकेत रुजला. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे केले जात. अमेरिकेत त्या जागी आकाराने मोठा आणि कोरण्यास सोपा असा भोपळा आला. मात्र भोपळा कोरण्यासाठी सुरी लागते आणि ती लहान मुलांच्या हाती देता येत नाही. कागदाचे महत्त्व येथे ध्यानात येते.

अमेरिकेत या कलाकुसरीला व्यापारी रूप देण्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम येथील डेनिसन या कंपनीचा मोठा वाटा होता. क्रेप कागद विकणाऱ्या या कंपनीने १९०९ मध्ये ‘बोगी बुक’ ही हॅलोविनच्या सजावटीची पुस्तिका काढली आणि १९१२ पासून तिचे पुढचे अंक येत राहिले. खोली कशी सजवावी, कागदाचे पोशाख कसे शिवावेत, मेजवानीत कोणते खेळ घ्यावेत, हे सारे त्यांत सचित्र दिलेले असे. हेतू अर्थातच कागद खपवण्याचा होता. तरीही घरी सजावट करण्याची सवय लावण्यात या पुस्तिकांचा हातभार नाकारता येत नाही. पेनसिल्व्हेनियातील शिपेन्सबर्गची बीस्टल कंपनी उघडताच मधाच्या पोळ्यासारखी फुलणारी पातळ कागदाची सजावट करण्यासाठी प्रसिद्ध झाली.

मुलांना सर्वांत लवकर जमते ते वटवाघूळ. काळा जाड कागद मध्यावर दुमडावा, घडीच्या बाजूला अर्धे शरीर आणि मोकळ्या बाजूला एक पंख असे अर्धेच चित्र काढावे आणि दोन्ही पदर एकत्र कापावेत. घडी उलगडताच दोन्ही पंख सारखे झालेले दिसतात. सममितीचा हा धडा पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक लक्षात राहतो. भुतांची माळ याच तत्त्वाची पुढची पायरी. पांढऱ्या कागदाच्या लांब पट्टीला पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घालून वरच्या घडीवर भुताची आकृती काढतात. तिचे हात दोन्ही बाजूंच्या घड्यांपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि तेथे कात्री लागता कामा नये. नाही तर माळेऐवजी सुटी भुते हाती येतात.

भोपळ्यासाठी नारिंगी जाड कागदाच्या सुमारे २० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद अशा १२ पट्ट्या पुरतात. त्या एकावर एक ठेवून दोन्ही टोकांना भोके पाडावीत, त्यांत दोन पायांच्या पितळी पिना किंचित सैल बसवाव्यात, गठ्ठा कमानीसारखा वाकवावा आणि पट्ट्या एकेक करून गोलाकार पसरवाव्यात. वर हिरव्या कागदाचा देठ चिकटवला की भोपळा तयार होतो. भोके पाडण्याचे काम मोठ्यांनी करावे. बालवाडीच्या वयातील मुलांना बोथट टोकाची कात्री द्यावी. तीही न पेलणाऱ्यांनी कागद हाताने फाडला तरी चालतो, फाटक्या कडांची भुते उलट अधिक खरी वाटतात.

या साऱ्यात खरा धोका आगीचा आहे. क्रेप आणि पतंगी कागद क्षणात पेट घेतो. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना अशी सजावट उघड्या ज्योतीपासून आणि तापणाऱ्या दिव्यांपासून दूर ठेवण्याचा, तसेच मेणबत्तीऐवजी बॅटरीचे दिवे वापरण्याचा सल्ला देते. कागदी भोपळ्यात मेणबत्ती ठेवूच नये. बॅटरीचे दिवेही निर्धोक नव्हेत. त्यांतील बटणाएवढा सेल मुलाने गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. सेलची जागा मुलांना उघडता येऊ नये, असे बंधन घालणारा कायदा अमेरिकेने २०२२ मध्ये केला. दिवा विकत घेताना त्याचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे पाहावे. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तातडीने रुग्णालय गाठावे. कागदी मुखवट्यांची डोळ्यांची भोकेही मोठी ठेवावीत. अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला बाजूने येणारे वाहन दिसले पाहिजे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत ही सजावट आणि दिवाळीची तयारी बरेचदा एकाच सुमारास येते. २०२४ मध्ये तर हॅलोविन आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी आली. उरलेला नारिंगी कागद अशा वेळी आकाशकंदिलाच्या करंज्या आणि झिरमिळ्यांना उपयोगी पडतो. पट्ट्यांचा भोपळा पुन्हा मिटवून सपाट करता येतो. कोरड्या जागी पाकिटात ठेवल्यास तो पुढील वर्षीही वापरता येतो. पिनांपाशी कागद फाटला असेल तर तेवढी पट्टी बदलावी.