भ्रूणीय मूलपेशी संशोधन : नीती व सार्वजनिक निधी

फलनानंतर सुमारे पाच दिवसांच्या भ्रूणातील आतील पेशीपुंजापासून मिळविलेल्या आणि शरीरातील बहुतेक सर्व प्रकारच्या पेशींत रूपांतर पावू शकणाऱ्या पेशींना भ्रूणीय मूलपेशी (स्टेम सेल) म्हणतात. त्या मिळविताना भ्रूण सामान्यतः नष्ट होतो. त्यामुळे भ्रूणाचा नैतिक दर्जा कोणता आणि असे संशोधन करांच्या पैशातून करावे काय, हे दोन प्रश्न प्रारंभापासून एकत्र आले.

मानवी भ्रूणापासून प्रयोगशाळेत सतत वाढणारे पेशीवंश प्रथम १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स टॉमसन यांनी तयार केले, तेही खाजगी निधीवर. कारण भ्रूण नष्ट होणाऱ्या संशोधनास संघीय निधी देण्याची तेथे १९९६ पासून मनाई होती. ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांनी तोपर्यंत तयार झालेल्या पेशीवंशांपुरता निधी खुला केला. अशा ६४ वंशांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे ७ व बंगलोरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे ३ वंश होते. प्रत्यक्षात संशोधकांना सुमारे २० वंशच उपलब्ध झाले व त्यांत भारतीय वंश नव्हते. ही मर्यादा २००९ मध्ये उठली. खाजगी निधीवरील कामास ती कधीच लागू नव्हती.

भारतात सार्वजनिक निधी प्रथमपासून या क्षेत्रात होता. मुंबई महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची परळ येथील संस्था यांच्या सहकार्याने, इंदिरा हिंदुजा प्रभृतींच्या प्रयत्नांतून, ६ ऑगस्ट १९८६ रोजी नलिका-बालक जन्मले. याच तंत्रामुळे शिल्लक भ्रूणांचा प्रश्न उद्‌भवला. परळच्या त्याच संस्थेने दोन मानवी भ्रूणीय पेशीवंश तयार केल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दात्यांची माहितीपूर्वक संमती आवश्यक ठरविली, भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढविण्यास मनाई केली व समित्यांची देखरेख नेमली. २०१३ मध्ये या तत्त्वांच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्द वगळण्यात आला. कारण अप्रमाणित उपचारांची विक्री वाढली होती. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान अधिनियमाने भ्रूणांच्या विक्रीस बंदी घातली.

निधीच्या न्याय्य वाटपाचा प्रश्नही उरतोच. ज्या मुंबईत हे संशोधन झाले, तिच्यापासून फार दूर नसलेल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालके दगावली. अन्न व प्राथमिक आरोग्यसेवा यांची उणीव असताना दीर्घ मुदतीच्या संशोधनावर खर्च का करावा, या आक्षेपाला त्यामुळे वजन येते. तथापि निधी काढून घेतल्याने संशोधन थांबत नाही. ते खाजगी हाती जाते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. निधी देणाऱ्या शासनाला संमती, देखरेख व निष्कर्षांची खुली उपलब्धता यांच्या अटी घालता येतात. मात्र त्या संशोधनाचे लाभ वावरसारख्या गावांपर्यंत पोहोचविण्याचे दायित्वही त्याच्यावरच येते.