मापात पाप आणि आगबोटीचे पोट

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घराघरांत तेलाचा हिशेब सुरू होतो. चकल्यांना किती लागेल, शंकरपाळ्यांना किती, पणत्यांसाठी किती बाजूला काढायचे, हे गृहिणी मनाशी ठरवते. कढई चढवल्यावर तेल संपलेच, तर धाकट्याच्या हाती पिशवी देऊन त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळता येते. भर समुद्रातल्या जहाजाला असा धाकटा नसतो आणि कोपऱ्यावर दुकानही नसते. बंदर सोडताना पोटात जळण किती होते, या एका आकड्यावर जहाजाची आणि त्यावरच्या माणसांची सारी मदार. तो आकडा खरा कसा मिळवावा, याची कथा जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. आणि तिचे एक पहिले प्रकरण आपल्या मुंबईच्या गोदीत घडले.

इंग्रजांनी या नव्या जहाजाला वाफेचे नाव दिले. आपल्या लोकांनी मात्र त्याला 'आगबोट' म्हटले, आणि ते अधिक मार्मिक होते. वाफ कोणाला दिसते? दिसते ती आग. आणि आग म्हटली की तिच्या पोटात काय घालायचे हा प्रश्न आलाच.

'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांच्या हातून तयार झाली आणि १८२९ साली पाण्यात उतरली. टपाल तांबड्या समुद्राच्या वाटेने न्यावे, म्हणजे केपचा लांबलचक वळसा वाचेल, ही त्यामागची कल्पना. वाटेतला पहिला मुक्काम एडन. अंतर सोळाशे मैलांहून अधिक. बोटीत कोळशाची जागा मात्र जेमतेम साडेपाच दिवसांपुरती! कमांडर जॉन विल्सन यांनी मग मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा कोंबला. कोठ्या भरल्या, खोल्या भरल्या, डेकवरही ढीग घातले. बोट इतकी दबली की पाणी काठाशी आले. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि अकराव्या दिवशी एडनला पोचली, तेव्हा कोळसा उरला होता सहा तासांचा.

सहा तास! वारा थोडा उलटा फिरता, तर हिशेब चुकलाच असता. सुवेझला बोट २२ एप्रिलला लागली. टपालाची वाट सिद्ध झाली. पण राज्यकर्त्यांनी त्यातून दुसराच धडा घेतला: समुद्रावर सत्ता हवी, तर वाटेत कोळशाच्या वखारी हव्यात. १८३९ च्या जानेवारीत कॅप्टन हेन्स यांनी एडन घेतले, त्यामागे कोळशाच्या वखारीची गरज हे एक मोठे कारण होते. पुढे सुमारे नव्वद वर्षे एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. इंधनाच्या एका मुक्कामापायी एक शहर आपल्या इलाख्याला जोडले गेले, हे शाळेच्या इतिहासात आपण सहसा वाचत नाही.

कोळशाच्या काळात माप डोळ्यांपुढे असे. टोपल्या आणि पोती मोजता येत. पुढे बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर राबत आणि बहुधा पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले खाली भट्टीशी होरपळत. कोळसा कमी भरला की चटका प्रथम त्यांना बसे; हलक्या कोळशात तेवढीच वाफ काढायला फावडी जास्त मारावी लागत.

विसाव्या शतकात कोळसा मागे पडला आणि तेल आले. कोळशाच्या कोठीला 'बंकर' म्हणत. कोळसा गेला तरी नाव टिकले, आणि जहाजात जळण भरण्याला आजही 'बंकरिंग' म्हणतात. आमच्या रबाळ्याच्या दक्षिणेला, खाडीच्या पलीकडे, ट्रॉम्बेला १९५४ आणि १९५५ साली तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. बंदरातले जवाहर द्वीप तेलवाहू जहाजांचा धक्का बनले. पण तेलाबरोबर एक नवी अडचण आली: टोपली संपली, नळी आली. बार्ज जहाजाला येऊन लागते, जाड रबरी नळी जोडली जाते, आणि शेकडो टन काळे तेल कोणाच्याही नजरेस न पडता एका पोटातून दुसऱ्या पोटात जाते.

मग मोजायचे कसे? टाकीत पितळी वजनाची फीत सोडायची, तेल किती उंच आले ते पाहायचे आणि तक्त्यावरून आकारमान काढायचे. येथे शाळेत शिकवलेला धडा उपयोगी पडतो. घरच्या तेलाच्या पिशवीवर पाहा: १ लिटर, आणि शेजारी ९१० ग्रॅम. लिटर आणि किलो एक नव्हेत. जहाजाचे जड तेल पातळ राहावे म्हणून गरम करतात आणि गरम झाले की ते फुगते. ५०० टनांच्या खरेदीत तापमानाची नोंद दहा अंशांनी चुकली, तर साडेतीन टनांच्या आसपास फरक पडतो. त्यातून कोणी नळीत हवा खेळवली, तर ताकावर फेस यावा तसे तेल वर येते. फीत म्हणते, टाकी भरली. रात्री फेस बसतो आणि पातळी खाली जाते. तोवर बार्ज निघून गेलेली असते. पावतीवर सही झालेली असते ती जहाजाच्या चीफ इंजिनियरची. पुढे तेल कमी भरले, तर मालकाला जबाब द्यायचा त्यानेच.

या दुखण्यावर उपाय सापडला तो एका जुन्या फ्रेंच गणितज्ञाच्या विचारात. फिरत्या चौकटीत हलणाऱ्या वस्तूला बाजूचा रेटा बसतो, हे कोरिऑलिस याने १८३५ साली मांडले. आजच्या मापकात नळ्यांना सूक्ष्म कंप दिलेला असतो. तेल वाहू लागले की त्या किंचित पिळवटतात, आणि त्या पिळावरून संगणक थेट वजन काढतो. आकारमान, तापमान, तक्ता, या साऱ्या पायऱ्या गळतात; फेस असला तर तोही मापकाच्या नोंदीत उमटतो. जगातले सर्वांत मोठे बंकरिंग बंदर सिंगापूर. तेथे १ जानेवारी २०१७ पासून इंधन तेल भरताना हा मापक सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२५ पासून पुरवठादारांनी कागदी पावतीऐवजी इलेक्ट्रॉनिक पावती देण्याचा नियम आला.

आकड्यांची कक्षाही रुंदावली. २०१९ पासून ५००० ग्रॉस टन व त्याहून मोठ्या जहाजांना वर्षभरात किती इंधन जाळले याची नोंद द्यावी लागते. १ जानेवारी २०२० पासून तेलातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. बंदराकाठच्या वस्तीच्या छातीत जाणाऱ्या धुराचाच हा हिशेब. आणि पोटातले तेल बाहेर आले तर काय होते, हे मुंबईने ७ ऑगस्ट २०१० रोजी पाहिले. 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजे बंदराच्या तोंडाशी आदळली आणि शेकडो टन तेल समुद्रात पसरले. तवंग खारफुटीत शिरला आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा धंदा बुडाला. अशा वेळी जहाजात किती तेल आहे आणि कोणत्या टाकीत आहे, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आज डेटा सेंटरच्या भव्य इमारती उभ्या आहेत. जहाजे उपग्रहामार्फत किनाऱ्यावर धाडतात ते आकडे असल्याच कोठारांत साठतात. एकेकाळी एडनला कोळशाची वखार लागे, आता आकड्यांचीही वखार लागते.

तेव्हा प्रश्न मिटला काय? २०१९ साली सिंगापुरात काही बार्जांवर या नव्या मापकांजवळ लोहचुंबक ठेवून वाचनात ढवळाढवळ केल्याचे उघडकीस आले आणि पुरवठादारांवर कारवाई झाली. वाण्याच्या तागडीखाली चिकटवलेल्या चिंचेचा हा शहाणा नातू! यंत्र माप घेते. मापातले पाप यंत्राचे नसते. तरीही एक मोठा फरक पडला आहे. पूर्वी पाप केले तर सकाळपर्यंत फेसाबरोबर विरून जाई. आता ते नोंदीत मागे खूण ठेवून जाते, आणि सही करणाऱ्या एकट्या माणसाला आपले म्हणणे सिद्ध करायला काहीतरी हाती राहते. दोनशे वर्षांच्या खटाटोपाची एवढी कमाई थोडकी नव्हे. बाकीचे, घरच्या मापट्यापासून बंदराच्या नळीपर्यंत, माप धरणाऱ्या हातावरच राहणार.